पत्रिका वाचायला शिकताना: पुण्यातून सारखे येणारे प्रश्न

पत्रिकेचे दोन भाग असतात. पहिला गणिताचा: जन्माच्या क्षणी कोणता ग्रह कुठे होता. दुसरा फलिताचा: त्याचा अर्थ काय. पहिल्या भागात एकच उत्तर बरोबर असतं आणि ते कुणालाही तपासता येतं. दुसऱ्यात दोन ज्योतिषी तीन मतं देतात. इथे भर पहिल्या भागावर आहे, कारण लोक घाबरतात ते बहुतेक वेळा तो माहीत नसतो म्हणून.

१. पत्रिका, कुंडली, टिपण हे सगळं एकच का?

रोजच्या बोलण्यात हो. काटेकोरपणे, कुंडली म्हणजे बारा घरांची आकृती. पत्रिका म्हणजे ती आकृती आणि तिच्यासोबतचा तपशील: नक्षत्र, चरण, गण, नाडी, ग्रहांचे अंश, दशा. टिपण म्हणजे जन्मवेळेवरून करून ठेवलेली थोडक्यातली नोंद. जुन्या घरांत तेवढीच सापडते.

२. चौकटीतले आकडे कशाचे? माझ्या पत्रिकेत वरच्या घरात ६ आहे, म्हणजे सहावं स्थान का?

नाही. सर्वांत जास्त गोंधळ इथेच होतो. आकडा राशीचा असतो: १ मेष, २ वृषभ, असं १२ मीनपर्यंत. स्थान ठरतं ते घराच्या जागेवरून. वरचं मधलं घर नेहमीच प्रथम स्थान, मग त्यात कोणताही आकडा असो. तिथून डावीकडे, घड्याळाच्या उलट दिशेनं मोजत जायचं. डावीकडचं मधलं घर चौथं, खालचं मधलं सातवं, उजवीकडचं मधलं दहावं.

२५ सप्टेंबरला सकाळी ७ वाजता पुण्यात जन्मलेलं बाळ घ्या. साल कोणतंही चालेल. त्या सुमारास सूर्य कन्या राशीत असतो आणि नुकताच उगवलेला असतो. पूर्व क्षितिजावरही कन्याच उगवत असते, म्हणून वरच्या घरात ६ येतो आणि त्याच घरात 'र' म्हणजे रवी. त्याच्या डावीकडच्या घरात ७, मग ८. खालच्या मधल्या घरात १२, म्हणजे सप्तम स्थानी मीन रास. एवढं जमलं की अर्धी पत्रिका वाचता आली.

कर्नाटकातल्या नातेवाइकांकडून आलेली पत्रिका वेगळी दिसेल. त्या पद्धतीत राशींच्या चौकटी ठरलेल्या असतात आणि लग्नाच्या, म्हणजे पहिल्या स्थानाच्या, चौकटीवर खूण करतात. आकृती दुसरी, आकाश तेच.

३. 'ह', 'ने', 'प्लु' हे कोणते ग्रह? आजीच्या पत्रिकेत नाहीत.

हर्षल, नेपच्यून, प्लुटो. परंपरेतले ग्रह नऊच. हे तीन दुर्बिणीतून सापडले आणि मराठी ज्योतिषांनी सामावून घेतले. ग्रहापुढे 'व' असेल तर तो वक्री, म्हणजे पृथ्वीवरून पाहताना उलटा सरकताना दिसणारा. राहू आणि केतू हे चंद्राची वाट सूर्याच्या वाटेला छेदते ते दोन बिंदू. म्हणून ते कायम समोरासमोर असतात.

४. पेपरमध्ये माझी रास सिंह, पत्रिकेत मकर. खरी कोणती?

दोन्ही मोजणी बरोबर असू शकतात, मोजलेली गोष्ट वेगळी आहे. जन्मतारखेवरून सांगतात ती सूर्याची रास, तीही बहुधा पाश्चात्त्य म्हणजे सायन पद्धतीची. आपल्याकडे 'माझी रास' म्हणजे चंद्राची रास, निरयन पद्धतीनं. चंद्र एका राशीत साधारण सव्वादोन दिवस असतो, त्यामुळे नुसत्या तारखेवरून ती नेहमी नेमकी सांगता येत नाही.

सायन मोजणी वसंतसंपातापासून सुरू होते, निरयन मोजणी ताऱ्यांच्या आधारानं. या दोन आरंभांतलं अंतर म्हणजे अयनांश. सध्या ते सुमारे २४ अंश आहे. म्हणूनच पाश्चात्त्य पद्धतीत सूर्य २१ मार्चच्या आसपास मेषेत जातो आणि आपल्या पंचांगात १४ एप्रिलला.

५. मग लग्नरास म्हणजे काय? तिचा विवाहाशी संबंध आहे का?

थेट नाही. जन्माच्या क्षणी पूर्व क्षितिजावर उगवत असलेली रास म्हणजे लग्न. चोवीस तासांत बाराही राशी उगवतात, म्हणजे लग्न साधारण दोन तासांनी बदलतं. एकाच दिवशी एकाच दवाखान्यात जन्मलेल्या मुलांची चंद्ररास बहुधा एक असते, पण सकाळच्या आणि दुपारच्या बाळाचं लग्न वेगळं, म्हणून सगळी स्थानंही वेगळी. विवाहाचं स्थान सातवं.

६. पत्रिका बरोबर मांडली आहे का, हे घरच्या घरी कळेल का?

कळेल, पाच मिनिटांत. सॉफ्टवेअरची असो वा गुरुजींनी हातानं काढलेली.

रवी पाहा. संक्रांतीच्या आसपास तो मकरेत जातो, १४ एप्रिलच्या सुमारास मेषेत, १७ ऑगस्टच्या सुमारास सिंहेत आणि पुढे दर महिन्याला एक रास. तारखेशी मेळ नसेल तर तिथेच थांबा. मग रवीचं स्थान पाहा. सूर्योदयाचा जन्म असेल तर रवी पहिल्या स्थानात किंवा त्याला लागून, माध्यान्हीचा असेल तर दहाव्याच्या आसपास, सूर्यास्ताचा असेल तर सातव्याच्या आणि मध्यरात्रीचा असेल तर चौथ्याच्या आसपास हवा. दुपारी दीडचा जन्म आणि रवी तिसऱ्या स्थानात असेल, तर कुणीतरी दुपारची वेळ रात्रीची म्हणून भरली आहे. संगणकावर ही चूक फार होते.

बुध सूर्यापासून २८ अंशांपलीकडे जात नाही, म्हणून तो रवीच्याच राशीत किंवा शेजारच्या राशीत असतो. शुक्र ४७-४८ अंशांच्या पुढे जात नाही, म्हणजे फार तर मधली एक रास सोडून. राहू-केतू समोरासमोर. अमावास्येचा जन्म असेल तर चंद्र रवीजवळ, पौर्णिमेचा असेल तर समोर. शनी एका राशीत साधारण अडीच वर्षं काढतो, म्हणजे तुमच्या वर्गातल्या बहुतेकांचा शनी एकाच राशीत सापडेल.

या कसोट्यांत नापास झालेली पत्रिका घेऊन फलित ऐकायला जाऊ नका.

७. जन्मवेळ नेमकी कोणती धरायची आणि दहा मिनिटं चुकली तर?

बाळाचा पहिला श्वास, पहिलं रडणं की नाळ कापली तो क्षण, यावर मतं आहेत. व्यवहारात दवाखान्यानं नोंदवलेली वेळच हाती असते. महापालिकेच्या जन्मदाखल्यावर तारीख असते, वेळ नसते. डिस्चार्ज कार्ड शोधा. आईची आठवण ही दुसरी साक्ष. 'दूरदर्शनवर बातम्या लागल्या होत्या' ही साक्षही वाईट नाही.

चार मिनिटांत लग्न साधारण एक अंश सरकतं. म्हणजे दहा मिनिटांत अडीच अंश. राशीच्या मध्यावर लग्न असेल तर फरक पडत नाही, काठावर असेल तर अख्खी कुंडली एका घरानं फिरते. चंद्र मात्र तासाला जेमतेम अर्धा अंश चालतो, त्यामुळे रास आणि नक्षत्र सहसा तेच राहतं. म्हणून पत्रिकेत आधी लग्नाचे अंश पाहा. २ किंवा २८ अंश दिसले तर वेळेची शहानिशा करा.

८. जन्म मंगळवारी रात्री अडीचचा. घरचे मंगळवार म्हणतात, दाखल्यावर बुधवारची तारीख आहे.

दोघंही बरोबर. पंचांगाचा वार सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंत, इंग्रजी तारीख मध्यरात्रीला बदलते. संगणकात भरताना बुधवारची तारीख आणि २:३० भरा. 'मंगळवारची रात्र' म्हणून मंगळवारची तारीख टाकलीत तर चंद्र एका दिवसानं मागे जाईल आणि नक्षत्र बदलेल. पत्रिकेत वार मात्र मंगळवारच लिहिलेला असेल. ती चूक नव्हे.

९. आजोबांच्या टिपणात 'इष्टघटी १०, पळे ०' असं लिहिलंय. घड्याळाची वेळ कशी काढू?

सूर्योदयापासून गेलेला काळ म्हणजे इष्टघटी. एक घटी २४ मिनिटांची, तिची ६० पळं. दहा घटी म्हणजे चार तास. त्या दिवशी पुण्यात सूर्योदय साडेसहाचा असेल तर जन्म साडेदहाचा.

उलट, टिपणात घड्याळाची वेळ असेल तर जास्त जपा. १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ या युद्धकाळात देशभर घड्याळं एक तास पुढे केलेली होती. त्या काळातल्या जन्मवेळेतून तो तास वजा करायला हवा. सगळी सॉफ्टवेअर तो आपोआप धरत नाहीत. मुंबईत तर स्वातंत्र्यानंतरही काही वर्षं 'मुंबई टाइम' चालू होता, प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे.

पुण्याची स्थानिक वेळ वेगळी. प्रमाणवेळ ८२ अंश ३० कला रेखांशाची, पुणे ७३ अंश ५१ कलांच्या आसपास. फरक साधारण साडेचौतीस मिनिटांचा. म्हणून पुण्यात सूर्य माथ्यावर येतो तो बाराला नव्हे, सरासरी १२ वाजून ३५ मिनिटांच्या सुमाराला. प्रश्न ६ मधली कसोटी लावताना माध्यान्ह आणि मध्यरात्र याच हिशेबानं धरा.

१०. एका गुरुजींनी रास कर्क सांगितली, दुसऱ्यांनी सिंह. दोघं अनुभवी आहेत. चुकतंय कोण?

बहुधा कुणीच नाही. 'कोणत्या पंचांगावरून?' एवढंच विचारा. पुण्यात हा प्रश्न बाकी महाराष्ट्रापेक्षा जास्त येतो, कारण इथे टिळक पंचांग मानणारी घरं अजून आहेत. दाते पंचांग आणि बहुतेक सॉफ्टवेअर चित्रा ताऱ्यावर आधारलेले अयनांश घेतात. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनंतर १९५७ पासून राष्ट्रीय पंचांगानंही तेच घेतले. टिळक पंचांग रेवती नक्षत्राच्या योगताऱ्यापासून (मुख्य ताऱ्यापासून) मोजतं. दोहोंत सुमारे चार अंशांचा फरक येतो. म्हणूनच टिळक पंचांगाची मकरसंक्रांत १४ ऐवजी १० जानेवारीच्या सुमारास पडते.

तीस अंशांच्या राशीत चार अंश म्हणजे शंभरातल्या तेराएक जणांची रास बदलते. नक्षत्र १३ अंश २० कलांचं असतं, म्हणून शंभरातल्या तिसांचं नक्षत्र बदलतं. नक्षत्रावर दशा आणि गुणमेलन अवलंबून, त्यामुळे तेही बदलतं.

अप्पा बळवंत चौकात दोन्ही पंचांगं शेजारी शेजारी मिळतात. कोणतंही एक घ्या. पण मुलाची पत्रिका एका पंचांगावरून आणि मुलीची दुसऱ्यावरून काढून गुण जुळवू नका. तो हिशेबच राहत नाही.

११. नावावरून रास काढता येते का?

नाव चरणाक्षरावरून ठेवलं असेल तरच. अवकहडा चक्रात प्रत्येक नक्षत्राच्या चार चरणांना चार अक्षरं आहेत. अश्विनीची चू, चे, चो, ला. रोहिणीची ओ, वा, वी, वू. यावरून नावरस नाव ठेवतात, ते पत्रिकेत राहतं आणि बारशाला दुसरंच नाव ठेवलं जातं. त्या दुसऱ्या नावावरून काढलेल्या राशीला काही आधार नाही.

१२. महादशा कुठून सुरू होते? प्रत्येकाची वेगळी का?

विंशोत्तरी पद्धतीत १२० वर्षं नऊ ग्रहांत वाटलेली आहेत: केतू ७, शुक्र २०, रवी ६, चंद्र १०, मंगळ ७, राहू १८, गुरू १६, शनी १९, बुध १७. जन्मनक्षत्राच्या स्वामीपासून सुरुवात होते. चंद्र रोहिणीच्या बरोबर मध्यावर असेल तर चंद्राच्या दहातली पाच वर्षं उरलेली. मग मंगळाची सात, म्हणजे बाराव्या वर्षी राहू लागतो आणि तिसाव्या वर्षी संपतो. 'राहूची महादशा आहे' ऐकून धसका घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं की अशा माणसाची दहावी, बारावी, कॉलेज, पहिली नोकरी सगळं राहूतच होतं.

जन्मवेळ एक तास चुकली तर शुक्राच्या दशेचा काळ साधारण दहा महिन्यांनी सरकतो. त्यामुळे 'अमुक महिन्यात नोकरी' असं सांगणाऱ्याला आधी विचारा, वेळ किती खात्रीची धरली.

१३. साडेसाती म्हणजे साडेसात वर्षं वाईटच का?

चंद्रराशीच्या मागची रास, ती रास आणि पुढची रास अशा तीन राशींत शनी प्रत्येकी अडीच वर्षं असतो, ती साडेसाती. गणितानं पाहिलं तर कोणत्याही क्षणी बारापैकी तीन राशींना ती चालूच असते. पीएमटीच्या, म्हणजे आताच्या पीएमपीच्या, बसमध्ये तुमच्या आसपासचा साधारण दर चौथा प्रवासी साडेसातीत असतो. मार्च २०२५ मध्ये शनी मीनेत आला, तेव्हापासून ती कुंभ, मीन आणि मेषेला आहे. सलग साडेसात वर्षं कुणाच्याही आयुष्यात काही ना काही अडचण येणारच, हेही हिशेबात घ्या.

१४. मुलीला मंगळ आहे असं सांगितलंय. काय करू?

आधी पाहा मंगळ कुठे आहे. १, ४, ७, ८, १२ यांपैकी एका स्थानात असेल तर आपल्याकडे 'मंगळाची पत्रिका' म्हणतात. बारातली पाच स्थानं, म्हणजे शंभरातल्या चाळिसेक पत्रिका अशाच निघणार. दक्षिणेकडे दुसरं स्थानही धरतात. चंद्रापासून आणि शुक्रापासूनही मोजणारे आहेत. सगळं धरलं तर बिनमंगळाची पत्रिका सापडणंच मुश्कील.

परंपरेनंच अपवादही दिलेत: मंगळ स्वराशीत म्हणजे मेष किंवा वृश्चिकेत, उच्चीचा म्हणजे मकरेत, गुरूची दृष्टी असलेला, किंवा दोघांनाही मंगळ. घाईघाईत 'कडक मंगळ' सांगणाऱ्यांना हे अपवाद तपासलेत का, ते विचारा. आणि हो, मंगळ मुलालाही असतो. त्याची चौकशी कमी होते एवढंच.

१५. ३६ पैकी किती गुण हवेत? एकनाड असेल तर रक्तगट एक असतो म्हणून मुलं होत नाहीत, हे खरं का?

१८ पुरेसे मानतात. गुण आठ गोष्टींचे: वर्ण १, वश्य २, तारा ३, योनी ४, ग्रहमैत्री ५, गण ६, राशीकूट ७, नाडी ८. हे सगळं फक्त दोघांच्या चंद्रावरून निघतं. लग्न, शुक्र, सप्तम स्थान यांतलं काहीच त्यात नाही. षडाष्टकाला, म्हणजे दोघांच्या राशी एकमेकींपासून सहाव्या-आठव्या असतील तेव्हा, राशीकूटाचे सात जातात, पण मेष आणि वृश्चिक यांचा स्वामी मंगळच, म्हणून ते प्रीतिषडाष्टक. त्याला दोष मानत नाहीत.

नाडी आणि रक्तगट यांचा काडीचा संबंध नाही. सत्तावीस नक्षत्रं नऊ-नऊ करून आद्य, मध्य, अंत्य अशी वाटली, ती नाडी. रक्तगट आईवडिलांकडून येतो आणि त्याचा शोध १९०० च्या सुमारास लागला. घरातल्या पाच जणांच्या पत्रिका आणि रक्तगट शेजारी मांडून पाहा, लगेच कळेल. दोन अनोळखी माणसांची नाडी एक असण्याची शक्यता तशीही तिनात एक.

'पत्रिका जमत नाही' हा निरोप आला तर मात्र गणित तपासत बसू नका. बऱ्याचदा कांदेपोह्यांनंतरचा तो सभ्य नकार असतो.

१६. कालसर्प योग आहे, त्र्यंबकेश्वरला जायला सांगितलंय.

सगळे ग्रह राहू-केतूंच्या एकाच बाजूला आले की त्याला कालसर्प म्हणतात. वराहमिहिराच्या 'बृहज्जातका'त या नावाचा योग नाही आणि जुन्या वळणाचे अनेक ज्योतिषी तो मानत नाहीत. एखादा ग्रह बाहेर असेल तर तो होतच नाही, तेव्हा आधी ग्रह मोजा. मनाच्या समाधानासाठी जायचं तर जरूर जा. भीतीनं कर्ज काढून जाऊ नका.

१७. जुळ्यांची पत्रिका एकच, मग आयुष्य वेगळं का?

ज्योतिषी नवमांशाकडे बोट दाखवतात. राशीचे नऊ भाग केले की नवमांश लग्न साधारण तेरा मिनिटांनी बदलतं. पण सिझेरियनमध्ये जुळी एका मिनिटाच्या अंतरानं येतात, तिथे नवमांशही बहुधा तोच. हा आक्षेप जुना आहे आणि मला पटेल असं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही.

१८. हे खरं ठरतं का, कुणी तपासलंय?

पुण्यातच तपासलंय. २००८ मध्ये जयंत नारळीकर, नरेंद्र दाभोलकर आणि सहकाऱ्यांनी १०० हुशार आणि १०० बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या जन्मवेळा घेऊन पत्रिका केल्या. ज्योतिषांना प्रत्येकी ४० पत्रिका देऊन 'कोणती कुणाची' ते ओळखायला सांगितलं. २७ जणांनी उत्तरं पाठवली, सरासरी ४६ टक्के बरोबर आली. एका संस्थेनं सगळ्या २०० पाहिल्या, त्यातल्या १०२ बरोबर. नाणं उडवलं तरी निम्मी बरोबर येतात. निष्कर्ष २००९ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये छापून आला. ज्योतिषांचं म्हणणं असं की बुद्धिमत्ता हा एकच निकष घेणं अपुरं आहे. आक्षेप घ्यायला हरकत नाही, पण मग स्वतःचा निकष सांगून तशीच चाचणी द्यायला हवी.

१९. सिझेरियन ठरलंच आहे, तर चांगली वेळ काढून देता का?

डॉक्टरांनी दिलेल्या खिडकीत दोन वेळा सारख्याच सोयीच्या असतील, तर काढून द्यायला हरकत नाही. मुहूर्तासाठी बाळाला आधी बाहेर काढा किंवा थांबवा असं सांगणाऱ्याचं ऐकू नका. ऑपरेशन थिएटर वेळेवर मिळतंच असं नाही, आणि मग घरचे लोक त्या वीस मिनिटांचा ठपका बाळावर ठेवतात.

२०. नात अमेरिकेत जन्मली. पुण्याची वेळ धरायची की तिथली?

जन्मगाव तिथलं, वेळही तिथल्या घड्याळाची. लोक वेळ भारतीय करून घेतात आणि गाव तिथलं ठेवतात, मग सॉफ्टवेअर पुन्हा रूपांतर करतं आणि लग्न भलतंच निघतं. दुसरी मेख उन्हाळी वेळेची. तिथे बहुतेक राज्यांत मार्चपासून नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत घड्याळ तासभर पुढे असतं. तो तास धरला गेलाय का, ते प्रश्न ६ च्या कसोटीनं ताडून पाहा. जुळवताना दोन्ही पत्रिकांचे अयनांश एकच हवेत (प्रश्न १०).

२१. जन्मवेळ कुणालाच माहीत नाही. पत्रिका होईल का?

तारीख पक्की असेल तर अर्धी होईल. त्या दिवशी चंद्रानं रास बदलली का, ते पंचांगात पाहा. नसेल बदलली तर रास नक्की, आणि चंद्राला पहिल्या स्थानी ठेवून चंद्रकुंडली मांडता येते. बाकीच्या ग्रहांच्या राशीही बहुतेक पक्क्या. नक्षत्र त्या दिवशी बदललं असेल तर मात्र दोन शक्यता राहतात, आणि गुणमेलन दोन्हींचं करून पाहावं लागतं. लग्न आणि स्थानं मिळणार नाहीत. आयुष्यातल्या घटनांवरून उलटं लग्न शोधून देतो म्हणणारे भेटतील. त्यांना आपल्या आयुष्यातल्या निम्म्याच घटना सांगा, उरलेल्यांच्या तारखा त्यांना काढू द्या.